पुराच्या नावेचें एंजिन तापलें असतां

शेतकऱ्याच्या अवजारांत नावेच्या एंजिनाची गणना सहसा होत नाहीं. परंतु ज्या गांवांचीं शेतें नदीकांठीं आहेत, त्यांच्यावर पावसाळ्यांत असे एक-दोन दिवस येतात कीं, बैलगाडी, ट्रॅक्टर, मोटारसायकल हीं सारीं वाहनें पाण्याच्या अलीकडे उभीं राहतात, आणि माणसांचा व गुरांचा जीव एका नावेवर अवलंबून राहतो. ऑगस्ट २०१९ मध्यें कृष्णा व पंचगंगा या नद्यांच्या महापुरांत सांगली-कोल्हापूरकडील लोकांनीं हें अनुभवलें. २५ जुलै २०२४ रोजीं पुणें शहरांत मुठेकांठच्या वस्त्यांत पाणी शिरलें, तेव्हांहि लोकांस होड्यांतून बाहेर काढावें लागलें. पवना, इंद्रायणी व भामा यांच्या कांठीं राहणाऱ्या आपल्या भागांतील लोकांनीं या गोष्टीचा विचार आधींच करून ठेवावा हें बरें. तळेगांव व चाकण यांच्या दरम्यान सुदुंबरें येथें राष्ट्रीय आपत्ति प्रतिसाद दलाची पांचवी बटालियन आहे हें खरें. परंतु मोठ्या पुराच्या वेळीं एकाच दलास अनेक ठिकाणचीं बोलावणीं येतात, आणि त्याची नाव येऊन पोंचेपर्यंतचा काळ गांवास स्वतःच्या साधनांवर काढावा लागतो.

गांवाचें तें साधन म्हणजे बहुधा एखादी जुनी आउटबोर्ड मोटार. नावेच्या मागील फळीस बाहेरून अडकविलेली, वर एंजिन, मध्यें उभा शाफ्ट व खालीं प्रोपेलर, अशी तिची रचना असते. नॉर्वेंत जन्मलेल्या ओले एव्हिनरूड या कारागिरानें अमेरिकेंतील मिलवॉकी शहरीं १९०९ च्या सुमारास अशा मोटारी विक्रीसाठीं बनविण्यास आरंभ केला. त्याच्या नांवाच्या मोटारी बनविणें २०२० सालीं बंद झालें; तरी त्या व इतर कारखान्यांच्या वीस-तीस वर्षांपूर्वींच्या मोटारी नीट राखल्यास अजून उत्तम काम देतात. त्यांतील पुष्कळ मोटारींस एंजिन फार तापल्याची सूचना देणारा भोंगा असतो. तो वाजूं लागला म्हणजे काय करावें, कारण कोणत्या क्रमानें शोधावें, आणि मुळांत तो ऐन पुरांत वाजूं नये यासाठीं उन्हाळ्यांत काय तजवीज करावी, याचा विचार या पाठांत केला आहे.

पाण्याचा मार्ग

ज्यानें विहिरीवर किंवा नदीवर ऑइल एंजिन चालविलें आहे, त्यास हा विषय अर्धा ठाऊकच आहे. खडकीच्या किर्लोस्कर कारखान्यांत १९४६ पासून बनूं लागलेल्या एंजिनांसारखीं पाण्यानें थंड होणारीं एंजिनें आपल्याकडे दोन-तीन पिढ्यांनीं वापरलीं. पंपाच्या नळांतून थोडें पाणी एंजिनाभोंवतीं फिरवून बाहेर सोडावयाचें, व मधून मधून त्या धारेखालीं हात धरून पाणी किती कढत आहे तें पाहावयाचें, ही संवय जुन्या शेतकऱ्यास होती. नावेच्या एंजिनासहि नेमकी तीच व्यवस्था आहे. फरक इतकाच कीं, येथें पाणी ओढणारा पंप डोळ्यांस दिसत नाहीं.

प्रोपेलरच्या वर, गिअरच्या पेटीच्या बाजूंस बारीक भोंकांच्या जाळ्या असतात. त्यांतून नदीचें पाणी आंत येतें. गिअरच्या पेटीच्या माथ्यावर, उभ्या शाफ्टवरच बसविलेला एक लहान रबरी पंखा असतो; त्यास कारागीर इंपेलर म्हणतात. शाफ्ट फिरला कीं इंपेलर फिरतो व पाणी एका बारीक नळींतून वर ढकलतो. तें सिलिंडरभोंवतीं व हेडभोंवतीं फिरतें, थर्मोस्टॅटमधून निघतें, आणि धुराबरोबर खालीं नदींत जातें. त्यांतलाच थोडा अंश एंजिनाच्या मागील बाजूनें बारीक धारेच्या रूपानें बाहेर पडतो. हिला आपण खुणेची धार म्हणूं. ऑइल एंजिनाच्या धारेखालीं आपण हात धरीत होतों, त्याच जागीं ही धार आहे. ज्या लहान मोटारींस भोंगा मुळींच नसतो, त्यांचा सारा भरंवसा या धारेवर असतो.

थर्मोस्टॅट हा एक लहानसा झडपेचा दरवाजा आहे. एंजिन थंड असतां तो बंद राहतो, व पाणी सुमारें ५० ते ६० अंश सेंटिग्रेड तापलें म्हणजे उघडतो. हा अंक मोटारीच्या बनावटीप्रमाणें थोडा कमीजास्त असतो. हेडवर दुसरें एक लहान उपकरण बसविलेलें असतें, तें तापस्विच. हेडची उष्णता बहुधा ९० ते १०० अंशांच्या सुमारास गेली म्हणजे हा स्विच जोडला जाऊन भोंगा वाजतो. यावरून दिसून येईल कीं, भोंगा वाजतो तेव्हां एंजिन नेहमींपेक्षां पुष्कळच अधिक तापलेलें असतें. पिस्टन ॲल्युमिनियमचा असतो व सिलिंडरचें अस्तर बहुधा बिडाचें असतें. ॲल्युमिनियम बिडाच्या सुमारें दुप्पट फुगतें. म्हणून उष्णता वाढतच राहिली तर पिस्टन सिलिंडरमध्यें घट्ट होऊन एंजिन जागच्या जागीं अडकतें, आणि तें मग नदीवर दुरुस्त होण्यासारखें राहत नाहीं.

भोंगा वाजतांच

प्रथम वेग एकदम कमी करावा. कांहीं मोटारी भोंग्याबरोबर आपला वेग आपणच कमी करतात. तें बिघाडाचें लक्षण नसून संरक्षणाची योजना आहे. नंतर मागें वळून खुणेची धार पाहावी.

धार जोरानें पडत असेल तर एंजिन सावकाश चालूं ठेवून नाव प्रवाहाबाहेर न्यावी. धार मुळींच नसेल तर एंजिनाजवळ थोडाच वेळ उरला आहे असें समजावें. तरीहि माणसांनीं भरलेली नाव ऐन प्रवाहांत असतां एंजिन बंद करूं नये. एंजिन बंद पडलें कीं सुकाणूंचा उपयोग राहत नाहीं व नाव पाण्याच्या स्वाधीन होते. एखादें घर, भिंत किंवा झाडांची रांग यांच्या आडोशास जेथें पाणी संथ असेल तेथें नाव न्यावी, दोरानें बांधावी किंवा नांगर टाकावा, आणि मग एंजिन बंद करावें. अशा प्रसंगीं एंजिन जळालें तरी चालेल, परंतु नाव आडोशास गेली पाहिजे. एंजिन पुन्हां विकत मिळतें. याच कारणासाठीं पुराच्या नावेंत वल्हीं, लांब दोर व नांगर हीं असल्याखेरीज ती पाण्यांत लोटूंच नये.

एंजिन बंद केल्यावर किल्ली किंवा सुरक्षेची दोरी काढून घ्यावी, मोटार वर उचलावी व जाळ्या पाहाव्या. हेडवर थंड पाणी कधींहि ओतूं नये. तापलेल्या धातूस एकदम थंडी बसली म्हणजे तो वांकतो किंवा तडकतो. दहा-पंधरा मिनिटें तसेंच निवूं द्यावें. मग सुरू करून धार येते कीं नाहीं तें पाहावें. एका मिनिटांत धार न आल्यास पुन्हां बंद करावें; त्या दिवसापुरती ती नाव वल्ह्यांवर चालवावी.

कारण शोधण्याचा क्रम

कारण शोधतांना नियम असा कीं, पाणी ज्या वाटेनें जातें त्याच वाटेनें आपणहि जावें. बाहेरून आंत, खालून वर. पुष्कळ लोक प्रथमच हेड उघडतात किंवा स्विच बदलतात. त्यांत पैसा व वेळ जातो, आणि दोष जाळींतल्या पिशवींत असतो.

पहिलें ठिकाण जाळी. आपल्या नद्यांत हा दोष सर्वांत अधिक आढळेल. पवना व इंद्रायणी यांच्या पात्रांत दरवर्षीं जलपर्णी माजते व ती यंत्रें लावून काढावी लागते. जी राहते ती पहिल्या पुराबरोबर वाहूं लागते. तिच्या केसाळ मुळ्या व शहरांतून आलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या जाळीवर चिकटून बसतात. एंजिन थांबलें कीं पिशवी पुष्कळदां आपोआप सुटून जाते, म्हणून वर उचलल्यावर कांहींच दिसलें नाहीं तरी हें कारण नव्हतें असें म्हणतां येत नाहीं. एंजिन निवल्यावर धार पूर्ववत् जोरानें येऊन भोंगा पुन्हां वाजला नाहीं, तर दोष येथेंच होता.

दुसरें ठिकाण धारेचें भोंक. उन्हाळाभर छपरांत पडून राहिलेल्या मोटारीच्या या भोंकांत कुंभारीण माशी मातीचें घर करते. पुराचा गाळहि तेथें सुकून बसतो. धार दिसत नाहीं म्हणून पंप बिघडला असा निर्णय करण्यापूर्वीं बारीक तार घालून हें भोंक मोकळें करावें. उलटपक्षीं, धार दिसते म्हणून सर्व ठीक आहे असेंहि समजूं नये. कित्येक मोटारींत ही धार पाणी हेडपर्यंत पोंचण्यापूर्वींच काढलेली असते. धार जोरदार व थंड, पण हेड कढत, असें असल्यास अडथळा वर आहे. धार मंद व वाफाळलेली असल्यास पाणीच कमी येत आहे.

तिसरें ठिकाण मोटारीची उंची. मोटार फळीवर फार वर बसविली, किंवा सारें ओझें नावेच्या पुढच्या टोंकास गेलें, तर जाळी पाण्याच्या पृष्ठभागाजवळ येते व पंप पाण्याबरोबर हवा ओढतो. माणसें नीट विभागून बसविल्यानें हा दोष तत्काळ जातो.

चौथें ठिकाण इंपेलर, आणि जुन्या मोटारींतील मुख्य दोष हाच. तो पाहण्यासाठीं प्लगच्या तारा काढून ठेवाव्या, खालच्या पेटीचे बोल्ट सोडावे, गिअर बदलण्याची सळई कशी जोडली आहे ती खूण करून सोडवावी, व पेटी सरळ खालीं उतरवावी. पंपाचें झाकण उघडतांच इंपेलर दिसेल. त्याच्या पात्या एका बाजूस वांकून तशाच राहिल्या असतील, कडक झाल्या असतील किंवा मुळाशीं चिरल्या असतील, तर तो फेंकून द्यावा. एखादी पाती तुटून गेली असेल तर तो तुकडा शोधून काढल्याखेरीज काम पुरें झालें असें समजूं नये. तो वरच्या वाटेंत अडकून राहतो व नवा इंपेलर घातल्यावरहि भोंगा वाजतच राहतो. पंपाच्या तळाच्या पत्र्यावर खोल चरे पडले असल्यास पत्राहि बदलावा. नवा इंपेलर साबणाच्या पाण्यानें ओला करून, शाफ्ट ज्या दिशेनें फिरतो त्याच दिशेनें फिरवीत बसवावा, व त्याची लहान चावी जागेवर आहे ना तें पाहावें. पेटी वर चढवितांना पाण्याची नळी आपल्या रबरी कड्यांत नीट बसली पाहिजे. ती चुकली तर सारी मेहनत वायां जाते.

पांचवें ठिकाण थर्मोस्टॅट. तो काढून, दोऱ्यानें टांगून, पाण्याच्या भांड्यांत सोडावा. भांड्याच्या तळास तो टेकूं देऊं नये. भांडें चुलीवर ठेवून पाण्यांत थर्मामीटर धरावा. थर्मोस्टॅटवर छापलेल्या अंशाच्या जवळपास तो उघडूं लागला पाहिजे. उकळी फुटेपर्यंत तो मिटूनच राहिला तर दोष सांपडला. तो काढून टाकून एंजिन तसेंच चालविण्याची युक्ति कोणी सांगतात. ती कायमची करूं नये. कांहीं मोटारींत त्यामुळें पाण्याची वांटणी बिघडते, आणि थंड राहिलेलें एंजिन काजळी धरतें.

सहावें ठिकाण हेडभोंवतींच्या वाटा. गाळ व जड पाण्याचे क्षार यांचा थर बसून त्या अरुंद होतात. हेड उघडून त्या खरवडाव्या व नवें गॅस्केट घालावें. जुनें गॅस्केट पुन्हां घालूं नये. जुनें गॅस्केट जळालें असलें तर तेवढ्यानेंहि एंजिन तापतें. प्लग काढून पाहतां एखाद्या सिलिंडरचा प्लग धुतल्यासारखा स्वच्छ किंवा ओला दिसणें, ही त्याची खूण होय.

किती वेगावर तापतें?

हा प्रश्न आधीं विचारल्यास वरील क्रमांतील बराच शोध वांचतो. संथ चालतांना तापतें पण वेग दिल्यावर निवतें, असें असल्यास इंपेलर झिजला असावा. झिजलेला पंप हळू फिरतांना पाणी चढवूं शकत नाहीं. थर्मोस्टॅट बंद राहिल्यासहि हेंच लक्षण दिसतें. पुष्कळ मोठ्या मोटारींत थर्मोस्टॅटशेजारीं दाबाची एक झडप असते. तिच्यांत वाळूचा खडा अडकून ती उघडी राहिली तरी परिणाम तोच. उलट, संथ चालतांना ठीक व वेग देतांच तापतें, असें असल्यास जाळी अर्धवट बुजली असावी, हवा ओढली जात असावी, वाटा अरुंद झाल्या असाव्या, किंवा ती दाबाची झडप उघडतच नसावी. दोन्ही वेळीं सारखेंच तापत असेल तर पाणी मुळांतच येत नाहीं.

पाण्याचा मार्ग सर्व ठीक असूनहि एंजिन तापल्यास इंधनाकडे वळावें. पुष्कळ जुन्या टू-स्ट्रोक मोटारींस ५० भाग पेट्रोलास १ भाग तेल, म्हणजे १० लिटरांस २०० मिलिलिटर, असें प्रमाण लागतें. त्याहून जुन्यांस अधिक लागतें. तेल पाण्यानें थंड होणाऱ्या आउटबोर्डसाठींचें, टीसी-डब्ल्यू-३ असा शिक्का असलेलें घ्यावें. मोटारसायकलचें तेल या कामाचें नव्हे. आजच्या पेट्रोलांत २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें. त्यानें जुन्या कार्ब्युरेटरांत इंधन हवेच्या मानानें कमी पडतें व एंजिन अधिक तापतें. शिवाय तें हवेंतील ओल शोषतें व जुन्या रबरी नळ्या मऊ करतें. म्हणून गेल्या वर्षींचें पेट्रोल पुराच्या नावेंत कधींहि वापरूं नये.

भोंगा खोटा तर नाहीं?

एंजिन हातास थंड लागतें, धार उत्तम आहे, तरी भोंगा वाजतो, असेंहि घडतें. कांहीं मोटारींत एकच भोंगा दोन कामें करतो. सलग आवाज उष्णतेचा व तुटक आवाज तेल कमी झाल्याचा. हा भेद प्रत्येक बनावटीचा निराळा असल्यामुळें मोटारीबरोबरचें पुस्तक पाहावें. आवाज उष्णतेचाच असेल तर तापस्विचची तार सोडवावी. भोंगा थांबला तर स्विच जोडलेल्या स्थितींत आहे: हेड खरोखर कढत असेल तर तो आपलें काम करीत आहे, थंड असेल तर तो बिघडला आहे. तार सोडविल्यावरहि भोंगा वाजतच राहिला, तर ती तार कोठें तरी सोलून एंजिनास लागली आहे.

याहून घातक प्रकार म्हणजे न वाजणारा भोंगा. त्याची परीक्षा सोपी आहे. किल्ली चालू करून, एंजिन सुरू न करतां, तापस्विचची सोडविलेली तार एंजिनाच्या उघड्या धातूस टेकवावी. भोंगा वाजला पाहिजे. न वाजल्यास तार किंवा भोंगा बदलावा. आवाज कानास त्रास देतो म्हणून भोंग्याची तार तोडून ठेवलेल्या मोटारीहि असतात. विकत घेतलेल्या जुन्या मोटारीची ही परीक्षा पहिल्याच दिवशीं करावी.

अकरा महिन्यांचा विसावा

आतां मुख्य गोष्ट. रोज कामावर असलेलें एंजिन कामानें झिजतें. पुराच्या नावेचें एंजिन मात्र पडून राहिल्यानें बिघडतें. इंपेलरच्या पात्या पंपाच्या पोटांत वांकवून बसविलेल्या असतात. एंजिन अकरा महिने फिरलें नाहीं म्हणजे त्या तशाच वांकलेल्या आकारास धरतात, रबर कडक होतें, आणि ज्या दिवशीं नाव पाण्यांत जाते त्या दिवशीं पंप पाणी चढवीत नाहीं. एकाद्या जाणत्या माणसानें मे महिन्यांत पाहिलें असतें तर जो दोष अर्ध्या दिवसांत निघाला असता, तो जुलैच्या पुरांत, अंधारांत, माणसें नावेंत बसलेलीं असतां बाहेर पडतो. म्हणून पुढील नियम गांवानें पाळावे.

रोहिणी नक्षत्र लागण्यापूर्वीं, म्हणजे मेच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत, मोटार उतरवून इंपेलर पाहावा. दोन वर्षें झालीं असल्यास तो कसाहि दिसो, बदलावा. जुन्या बनावटीचा सुटा भाग मागवून येण्यास वेळ लागतो, म्हणून एक इंपेलर व एक थर्मोस्टॅट नेहमीं शिल्लक ठेवावा. मग २०० लिटरांचें पिंप पाण्यानें भरून मोटार त्यांत अशी उभी करावी कीं, जाळी व तिच्या वरचा पंप पाण्याखालीं बुडेल. प्रोपेलर काढून, एंजिन संथ वेगानें दहा मिनिटें चालवावें व धार पाहावी. पाण्याबाहेर एंजिन एक क्षणभरहि सुरू करूं नये. कोरडा इंपेलर तेवढ्यांत जळतो. पावसाळा संपेपर्यंत दर पंधरा दिवसांनीं हीच परीक्षा करावी. पुराच्या गढूळ पाण्यांत नाव चालवून आणल्यावर त्याच दिवशीं स्वच्छ पाण्याच्या पिंपांत एंजिन चालवून गाळ धुवावा. गाळ सुकला कीं तो निघत नाहीं. ऑक्टोबरांत टांकींतील व कार्ब्युरेटरांतील पेट्रोल काढून घ्यावें, धारेचें भोंक चिंधीनें बंद करावें, आणि मोटार उभी ठेवावी, म्हणजे आंत पाणी राहणार नाहीं.

या कामास परगांवचा कारागीर शोधण्याची गरज आपल्या भागांत तरी पडूं नये. चाकण, भोसरी व चिंचवड येथील कारखान्यांत आमच्या गांवांचे शेंकडों तरुण रोज यंत्रांवर काम करतात. बोल्ट किती घट्ट करावा, गॅस्केट कसें बसवावें, हें त्यांस कोणी शिकविण्याची जरूर नाहीं. त्यांतील दोघांवर गांवानें नावेची जबाबदारी सोंपवावी, एक लहान वही मोटारीजवळ ठेवावी, व तींत प्रत्येक परीक्षेची तारीख, धार कशी होती, काय बदललें व परीक्षा कोणी केली हें लिहावें. ज्या वहींत मेची नोंद नाहीं, त्या मोटारीवर जुलैमध्यें कोणासहि बसवूं नये.